ऊना ट्रेलोअरचा फेरअर्ज

तुझं नाव विसरले, पोरी,
कानात हिरवे पोपट होते एवढं आठवतं.
मागच्या मार्चात तू आली होतीस
तेव्हा मी खोटं बोलले.

तू विचारलंस, आंघोळ स्वतःची स्वतः करता?
मी म्हटलं, हो तर. रोज.
तेव्हाच तीन महिने झाले होते
टबाच्या काठावरून पाय आत टाकला नव्हता.
स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी, पडदा ओढून,
ओल्या फडक्याने पुसते मी स्वतःला,
एकेक तुकडा,
कपबशी विसळावी तशी.

तू येणार म्हणून मी घर आवरायला घेतलं.
सोमवारी एक खोली, मंगळवारी अर्धी,
बुधवारी नुसती पडून.
काठी कपाटामागे सरकवली.
लिपस्टिक लावली, ओठाबाहेर गेली असेल जराशी.
तू गेल्यावर दोन दिवस उठले नाही.
ते तुझ्या कुठल्या रकान्यात बसतं?

मग पत्र आलं :
पंधरवड्यातून दोन तास, झाडलोट.
झाडलोट!
घर तर लख्ख होतं, तू पाहिलंस.

आम्ही मूंटाची माणसं.
इथल्या तांब्याच्या खाणी बंद पडल्या
तेव्हा माझी आई पाळण्यात होती,
तरी खाणवाल्यांची खोड गेली नाही :
वर आलं की तोंड धुवायचं
आणि बरं चाललंय म्हणायचं.
झाकली मूठ सव्वा लाखाची, खरंच;
पण माझी बोटं बघ,
मूठ आता धड झाकतही नाही.

जूनमध्ये पडले.
मागच्या अंगणात, कपड्यांच्या गोल दांडीखाली.
हाड मोडलं नाही,
म्हणून तुमच्या कागदांवर मी पडलेच नाही.
साडेतीन तास.
माझीच चादर तोंडावरून येत-जात होती,
गार, अर्धी ओली.
एक मॅगपाय आला, मान वाकडी करून
नीट बघून गेला,
तुझ्याहून नीट, राग मानू नकोस.
शेवटी शेजारचा टायसन कुंपणावरून डोकावला,
अकरा वर्षांचा.
काय करताय, मिसेस ट्रेलोअर?
चिमटा शोधतेय, म्हटलं.
तोही बिचारा उडी मारून आत आला,
गुडघ्यांवर बसून शोधायला लागला.
आणि त्याला खरंच एक सापडला.

मुलगी पर्थला असते. रविवारी फोन येतो.
तिलाही चिमट्याचीच गोष्ट सांगितली,
खूप हसली.

काल तुमच्या कचेरीला फोन लावला.
चाळीस मिनिटं पियानो,
आणि मधूनमधून एक बाई सांगायची
की माझा फोन त्यांना महत्त्वाचा आहे.
ती यंत्र आहे हे ठाऊक होतं,
म्हणून तिला सगळं सांगून टाकलं.
टब, काठी, रात्री ओली होणारी गादी,
स्टोव्ह चालू राहिला ते दोनदा,
दोनदा नाही, चारदा.
इतकं सोपं होतं ते.
खरं माणूस लाइनवर आलं
तर म्हटलं, काही नाही,
फक्त फेरतपासणी हवी होती. सवडीने.

म्हणून हे लिहून पाठवतेय.
अक्षर तिरकं आहे, तेही मोजून घे.

या वेळी दिवस कळवू नकोस.
किल्ली मागच्या दाराशी, जिरेनियमच्या कुंडीखाली.
मी झाडलेलं नसेल. केस विंचरलेले नसतील,
निदान तसा प्रयत्न करीन.
तरी तू दिसलीस की तोंडातून निघेलच,
बरं चाललंय, ये, बस, चहा टाकते.

चहाला नको म्हणू नकोस.
किटलीत एका कपापुरतंच पाणी असतं,
त्याहून जड मला उचलत नाही,
तुझ्यासाठी दुसऱ्यांदा उकळावं लागेल.
मागच्या वेळीही तसंच उकळलं होतं,
तू तेव्हा खाली पडद्यावर काहीतरी भरत होतीस.
या वेळी
मी किटली उचलेन तेव्हा
वर बघ.